तांबट आळीत शिकणारी मुलं : एक

त्या सकाळी खांबाच्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘तांबट आळी. शिकणारी मुलं : एक. संख्या अपुरी असल्यामुळे हा खांब येत्या सोमवारी इथून हलवण्यात येईल.’

मी वाचलं आणि मागे वळून पाहिलं. आळीतली सगळी पोरं माझ्यामागेच उभी होती. कुणी ओट्यावर, कुणी पालथ्या हंड्यावर, तर सगळ्यात धाकटी शकू भावाच्या खांद्यावर. ज्याला समोरची पोरं मोजता येत नाहीत त्याला आम्हाला गणित शिकवायला ठेवलं होतं!

खाली आणखी एक ओळ होती : ‘अभिनंदन! कुमारी गिरिजा वडके हिची ज्ञानभवनातल्या विशेष वर्गासाठी निवड झाली आहे.’

ती गिरिजा वडके म्हणजे मी. आता तुम्हाला वाटेल की मी फार हुशार असणार. अजिबात नाही. आमच्यात हुशार आहे तो तन्वीर, कल्हईवाल्या अय्यूबचाचांचा मुलगा. खांबाने कोडं घातलं की निम्म्या वेळा उत्तर त्याचंच असायचं. मग निवड माझी कशी झाली?

आधी खांबाविषयी सांगते. मी जन्मायच्या आधी आमच्या शहराने ‘शिकतं शहर’ नावाची योजना आणली. शाळा चार भिंतींत कशाला, सगळं शहरच शाळा करू, अशी कल्पना होती. बसथांब्यावर, बागेत, नदीच्या घाटावर, प्रत्येक आळीत एक बोलका खांब उभा राहिला. खांब प्रश्न विचारायचा, मुलं उत्तरं द्यायची, आणि त्या उत्तरांवरून खांब पुढचा धडा ठरवायचा. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण खांब आले म्हणून आमची जुनी शाळा पाडली आणि तिथे गाड्या उभ्या करायला जागा केली. म्हणजे खांब गेला तर आम्हाला काहीच उरत नव्हतं. आमच्या बाजूचे इतर खांब आधीच असे हलवलेले होते, त्यामुळे दुसरा खांब थेट नदीपलीकडे, दोन बस बदलून जायचं. शकूला कोण नेणार होतं?

आम्ही तडक दिगंबरआजोबांकडे गेलो. ते आळीच्या टोकाला राहतात. कुणाचे सख्खे आजोबा नाहीत, पण सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. ते ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ) आहेत आणि खांबाचा कान त्यांनीच बनवला होता.

पडद्यावरच्या ओळी आमच्याकडून ऐकून आजोबा म्हणाले, “चला, कान तपासू.”

खांबापाशी येऊन त्यांनी पोरांना सांगितलं, “नेहमी जसं शिकता तसं शिका. मी नाहीच असं समजा.”

खांबाने प्रश्न विचारला. आजूबाजूला दुकानांत ठोके चालूच होते. आमच्या आळीत तांब्याची भांडी मठारतात (हातोडीने एकसारखे ठोके घालून पत्रा घट्ट आणि चकचकीत करतात). एक फेरा सुरू झाला की तो पुरा होईपर्यंत हात थांबवायचा नाही, नाहीतर ठोक्यांची ओळ मोडते आणि भांडं वाया जातं. त्यामुळे बोलायला कुणी काम थांबवत नाही. आमच्याकडे डाव्या हाताच्या बोटांनी, भुवयांनी, मानेने बोलतात. पाणी आण, चहा झाला, पाहुणे आले, भाव वाढवून सांगतोय, सगळं सगळं. आम्ही पोरं हे पाळण्यातच शिकतो. रात्री ठोके बंद झाले तरी आमचे हात बोलतच असतात.

तर पोरांचे हात सुरू झाले. एकाने एक उत्तर सुचवलं, दुसऱ्याने मान हलवली, शकूने काहीतरी भलतंच सांगितलं आणि सगळे हसले. मग तन्वीरने बोटं जुळवली, सगळ्यांना पटलं आणि मी ओरडून उत्तर सांगितलं. मीच का? तर माझा आवाज सगळ्यात कर्कश. आई म्हणते, हिला हाका मारायला ठेवलं तर घंटा विकून टाकता येईल.

आजोबा खाली बसले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

“खांबाला ध्वनिग्राहक आहे (आवाज टिपणारं यंत्र, म्हणजे माइक),” ते म्हणाले. “त्याच्यामागे मी एक गाळणी बसवली. चहाची गाळणी चोथा अडवते, तशी ही गाळणी गोंगाट अडवते. आसपासच्या आवाजाच्या वर जो आवाज चढेल तो माणसाचा, बाकीचा चोथा. आता इथे ठोक्यांच्या वर कोण चढतं?”

“मी,” मी म्हणाले.

“तू एकटी. हात तर खांबाला दिसतच नाहीत, त्याला डोळाच नाही. म्हणून त्याच्या लेखी या आळीत एकच मुलगी आहे आणि ती जगातलं सगळं जाणते.”

“पण मग धडे सगळे मलाच आवडतील असे का यायचे?” मी विचारलं. हे मला बरेच दिवस टोचत होतं.

“त्याला प्रतिपोषण म्हणतात. कामाचा परिणाम तपासायचा आणि त्याप्रमाणे पुढचं काम सुधारायचं. तुझी आई आमटी चाखते, मीठ कमी वाटलं तर घालते, पुन्हा चाखते. हे झालं प्रतिपोषण. पण आईला सर्दी झाली असेल तर?”

“चव कळणार नाही. ती मीठ घालतच राहील.”

“तसंच झालं. खांबाला एकच चव कळत होती, तुझी. तू शिकायला लागलीस तेव्हापासून तीन वर्षं तो तेवढ्यावर आमटी करत बसला.”

तन्वीरने हाताने विचारलं. आजोबांना कळलं नाही, म्हणून मी सांगितलं, “तो विचारतोय, गाळणी बसवली तेव्हा तुम्ही ठोके ऐकायला आळीत आला होता का?”

“नाही. प्रयोगशाळेत बसून केली, दारं बंद करून. नंतर म्हातारपणी इथे राहायला आलो आणि ठोक्यांचा त्रास नको म्हणून खिडक्या लावून बसलो.” ते उठले. “याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. उद्या ज्ञानभवनात जाऊ.”

ज्ञानभवनाच्या भिंतीवर माणसाएवढ्या उंच अक्षरांत लिहिलं होतं : ‘सहभागातून शिक्षण’. शहरातले सगळे खांब तिथूनच चालायचे आणि सरंजामे मॅडम तिथल्या प्रमुख. बोलायला अगदी गोड. आजोबांचं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “तुमचा मुद्दा रास्त आहे, सर. पण निर्णय आकड्यांवर होतात. बाळ गिरिजा, तुझी निवड तरी पक्की करून टाकू. एकच प्रश्न विचारते हं. आरशात आपला डावा हात उजवा दिसतो. मग डोकं खाली आणि पाय वर का दिसत नाहीत?”

मला काय माहीत! मी खोलीच्या दाराच्या काचेकडे पाहिलं. पलीकडे आमच्याबरोबर आलेली पोरं उभी होती. मी न ठरवताच हातांनी प्रश्न सांगितला, जसा रोज सांगते. त्यांचे हात हलले. तन्वीरने जरा विचार केला. मग त्याने आरशासारखा तळवा पुढे धरला, बोट समोर केलं, आणि तेच बोट हळूच स्वतःकडे वळवलं. मला एकदम उमगलं.

“आरसा डावं-उजवं उलटवतच नाही!” मी ओरडले. “तो पुढचं मागे करतो! मी आरशाकडे बोट केलं तर आतलीचं बोट माझ्याकडे येतं. डावा हात डावीकडेच असतो. ती वळून उभी आहे असं आपण धरतो, म्हणून आपल्याला तो उजवा वाटतो!”

मॅडमचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. त्यांनी काचेपलीकडे तन्वीरचा हात पाहिला होता.

“ही तर नक्कल झाली,” त्या म्हणाल्या.

“नक्कल?” आजोबांचा आवाज चढला. “अहो, चार डोकी मिळून विचार करतात. तुमच्या भिंतीवर दुसरं काय लिहिलंय?”

“सहभाग म्हणजे प्रत्येकाचा आपापला सहभाग, सर. एकमेकांचा नव्हे.”

मी आजवर ऐकलेलं हे सगळ्यात मूर्ख वाक्य. पण ते वाक्य खुर्चीवर बसलेल्या माणसाचं होतं, म्हणून ते चाललं. माझी निवड रद्द झाली. आणि माझी सगळी उत्तरं नकलेची ठरल्यामुळे आमच्या आळीतली शिकणारी मुलं एकाची शून्य झाली.

सोमवारी गाडी आली. खांब उपटून नेला आणि खड्ड्यात सिमेंट ओतलं. शकू खूप रडली. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आजोबा म्हणाले, “आपण आपला खांब करू. पण या वेळी मी काही ठरवणार नाही. तुम्ही सांगायचं, मी तारा जोडायच्या.”

आळीने पत्रा दिला, माझ्या बाबांनी खोका ठोकून दिला. खांबाला डोळा हवा, हे ठरलं. त्यावर आळीतल्या बायकांनी हरकत घेतली. त्या म्हणाल्या, आमच्या दारात डोळा लावाल तर आमच्या येण्याजाण्यावर पाळत ठेवाल. ते बरोबरच होतं. मग असं ठरलं, की डोळ्याने फक्त हात पाहायचे आणि चेहरे टिपायचे नाहीत. आजोबांनी तसंच जोडलं.

मग यंत्राचं प्रशिक्षण सुरू झालं (म्हणजे पुन्हा पुन्हा उदाहरणं दाखवून यंत्राला ओळखायला शिकवणं). मी झटपट सगळ्या खुणा करून दाखवायला लागले. तन्वीरने माझा हात धरून खाली केला आणि बोटांनी सांगितलं, ‘तुझाच हात दाखवलास तर हाही तुलाच ओळखेल.’

मग प्रत्येक खूण प्रत्येकाने करून दाखवली. शकूची बोटं आखूड, ती दाखवली. हातोडी डाव्या हातात धरणाऱ्या दत्तूची खूण उजव्या हाताची, तीही दाखवली. भाजलेल्या बोटाची, मेंदी लावलेल्या हाताची, अर्धवट केलेली, कंटाळून केलेली. काम वेळ खाणारं होतं. तन्वीर कुणालाही सोडत नव्हता.

ते संपत आलं आणि अय्यूबचाचा आमच्या ओट्यावर आले. माझ्या बाबांना म्हणाले, “शाळा नाही, खांब नाही. पोराला नुसतं बसवून किती दिवस ठेवू? त्याच्या मामूंचं दुकान आहे परगावी. हाताला काम तरी लागेल.”

“चाचा, आठ दिवस थांबा, खांब होतोच आहे,” मी म्हणाले.

“बेटा, झाला तरी तो सरकारी नाही. त्याचा दाखला कोण मानणार?”

तन्वीर गेला. जाताना त्याने बसच्या खिडकीतून ‘खांब पुरा कर’ अशी खूण केली. मी त्याच्यावर चिडले होते, म्हणून मी हात वर केला नाही.

पुढच्या आठवड्यात खांब सुरू झाला. त्याने सगळ्यांचे हात ओळखले. पडद्यावर एकेक नाव उमटलं : शकू, दत्तू, मी, सगळे. शेवटी लिहून आलं : ‘तन्वीर : गैरहजर’.

शेवटी एका यंत्राने त्याला मोजलं, तेही तो नसताना. त्या दिवशी मी रडले.

आमच्या खांबाची बातमी शहरभर झाली. सरंजामे मॅडम स्वतः पाहायला आल्या, खूश झाल्या आणि म्हणाल्या, “उत्तम! हाच हातांचा खांब आपण सगळ्या शहरात बसवू या. अगदी जसाच्या तसा.”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “मॅडम, जसाच्या तसा नको. हात आमच्या आळीचे आहेत. तिकडची पोरं कशी शिकतात ते तिकडच्या पोरांना विचारा.”

“त्याला वेळ लागेल गं.”

“लागू दे. न विचारता केलेल्याला कमी लागला का? परत करायलाच लागलं ना!”

आजोबा म्हणाले, “याला सहभागी रचना म्हणतात, मॅडम. ज्यांनी वापरायचं त्यांनीच मांडायचं. मी सगळं आयुष्य आवाजाचा अभ्यास केला आणि हे मला या पोरांकडून कळलं.”

मॅडमनी ‘बघू’ म्हटलं. ‘बघू’ म्हणजे काय ते तुम्हालाही माहीत आहे. म्हणून आम्ही त्यांची वाट पाहिली नाही. आजोबा आणि मी नव्या पुलाच्या कामावर गेलो. तिथे मजुरांची मुलं असतात आणि त्यांच्याकडे कुठलाच खांब नव्हता. मी आमच्या खांबाचा नकाशा वाळूवर पसरला आणि मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला.

माझ्याएवढी एक मुलगी होती, हरणी नावाची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खांब नको.”

“का?”

“पूल झाला की आम्ही दुसऱ्या कामावर जाणार. खांब काय आमच्यासंगं येणार हाय?”

माझं तोंड एवढंसं झालं. आजोबा मात्र खो खो हसले. त्यांनी नकाशा गुंडाळला, पिशवीतून कोरा कागद काढला आणि पेन्सिल हरणीच्या हातात दिली.

“मग काय पाहिजे?” मी विचारलं.

सगळी पोरं एकदम बोलायला लागली. एकाला चाकं हवी होती, एकीला डोक्यावर घेता येईल एवढीच पेटी हवी होती, एकाला त्याची भाषा येणारं काहीतरी हवं होतं. हरणी म्हणाली, दमानं सांगा, पूल व्हायला अजून वरीस हाय.

वर्ष पुष्कळ झालं. तन्वीरसाठी आम्हाला आठ दिवस कमी पडले होते.