श्रावणात केस कोण देतं?

रेणुकाच्या धाकट्या भावाचं, गौरवचं, लग्न झालं ते दोन हजार बावीस साल. वऱ्हाड मुंबईला परतलं आणि पुढच्याच आठवड्यात पडक्या गडग्यावरून, दगडी कुंपणावरून, रानडुकरं घरामागच्या परड्यात शिरली. आई जाईबाईंनी लावलेले निम्मे सुरण उकरून फस्त. सलग तिसरं वर्ष.

"ताई, पुरे आता," गौरव फोनवर म्हणाला. "आईला घेऊन मुंबईला ये."

रेणुकाची मान ताठ झाली. "उरलेले सुरण राखून दाखवते. नाही राखले, तर सहा डिसेंबरला दादरला येऊ ते घराला कायमचं कुलूप लावूनच."

बोलून तर बसली. आता काय करायचं? डुक्कर हुंगत चालतं, नाकात माणसाचे केस गेले की माघारी फिरतं, असं वाडीत सगळे म्हणत. म्हणून श्रावणातल्या एका ओल्या सकाळी ती रिकामी गोण घेऊन हातखंब्याला गेली आणि थेट पुरुषांच्या सलूनमध्ये शिरली.

आत गिऱ्हाईक नव्हतं. मालक अमरदीप आरशासमोर बसून खांद्यापर्यंत वाढवलेल्या स्वतःच्याच केसांतून कंगवा फिरवत होता.

"इथं लेडीजचे केस कापत नाहीत—"

"कापायचे नाहीत. न्यायचे आहेत."

कंगवा थांबला. "कुणाचे?"

"कुणाचेही. डुकरांना कुठं आवडनिवड असते?"

तो हसला. आरशातच दोघांची नजर भेटली... आणि तिनं उगाच गोण झटकली.

"अहो, श्रावण आहे! निम्मी माणसं गणपती होईस्तोवर खुर्चीत बसत नाहीत. श्रावणात केस कोण देतं?"

"तुम्ही द्या की." तिनं त्याच्या बटांकडे बोट केलं.

"हे? ही माझ्या दुकानाची पाटी आहे!"

"मग पाटी ठेवा. कोपऱ्यातले झाडून द्या. फुकट नको. पहिला सुरण तुमचा."

गोणीच्या तळाशी मावतील एवढे केस मिळाले. तिनं ते गडग्याच्या कडेनं पसरले. दुसऱ्या दिवशी अशी सर आली की सगळे केस वाहत शेजारच्या यमुनाबाईंच्या उंबऱ्याशी जमा झाले.

"कुणी मेल्यानं करणी केलीन माझ्या दारात!" यमुनाबाईंनी वाडी गोळा केली.

रेणुका पुढं झाली. "काकी, करणीबिरणी नाही. केस मी आणलेत, डुकरांसाठी. झाडून देते."

"आणि यात तुमचे जावईही आहेत हो, काकी," मागून आवाज आला. अमरदीप दुकानात आणखी निघालेल्या केसांची पिशवी घेऊन, घर विचारत आला होता. "मीच कापलेत."

"त्याच्या टाळक्यावर हायत किती, ते तू कापतोस!" यमुनाबाई फणकारल्या, आणि सगळी वाडी हसली.

मग दर सोमवारी दुकान बंद ठेवून तो येऊ लागला. दोघांनी गडग्याचे ढासळलेले चिरे पुन्हा रचले. फटींत केस कोंबले, तेही कांद्याच्या जाळीत भरून, म्हणजे वाहून जायला नकोत. जाईबाई पडवीतून ओरडायच्या, "आडवा ठेव रे तो, आडवा!" एकच चिरा उचलताना चार बोटं एकमेकांवर आली... दोघांनीही चिरा लवकर ठेवला नाही.

शेवटी एकच फट राहिली, नेमकी डुकरांच्या वाटेवरची. केस संपले होते.

"गणपतीनंतर भरू," तो म्हणाला.

"तोवर डुकरं थांबतायत होय? मी उभी राहीन तिथं."

पुढच्या सोमवारी तो डोक्याला पंचा गुंडाळून आला. तिच्यासमोर त्यानं तो सोडला. डोकं गुळगुळीत!

"अगं बाई... आणि पाटी?"

त्यानं जाळीची पुरचुंडी तिच्या हातात ठेवली. "एक फट राहिली होती ना."

"लोक हसतील तुला."

"हसतात की. मी सांगतो, केस गेले, पण लग्न ठरतंय. फक्त तिनं अजून... फार ताठ आहे ती."

पुरचुंडीला अजून खोबरेलाचा वास होता. रेणुकानं ती स्वतःच्या हातानं फटीत कोंबली, वर चिरा दाबून बसवला.

"आता हा हलायचा नाही," ती म्हणाली.

"चिरा?"

"चिरासुद्धा." आणि ती वळून भरभर घरात गेली, कारण तिचं हसू तिला आवरत नव्हतं.

डुकरं आली. गडग्याबाहेरच्या चिखलात खुरं उमटली आणि तिथूनच माघारी वळली.

पहिला सुरण निघाला तो अमरदीपला गेला. दुसरा घेऊन मायलेकी सहा डिसेंबरला दादरला गेल्या. गर्दीत रेणुकानं तो भावाच्या हातात दिला. त्या वजनानं गौरवचे हात खाली गेले.

"परत कधी जाताय?" एवढंच त्यानं विचारलं.

"आजच. घर सोडून आईला करमलंय, असं कधी ऐकलंयस?"

पुढच्या वर्षी गावच्या विहारात लग्न झालं आणि अमरदीपच त्यांच्या घरी राहायला आला. यमुनाबाईंनी घरजावई म्हणून चिडवलं, तर म्हणाला, "माझे केस आहेत त्या गडग्यात, काकी. ते सोडून कुठं जाऊ?"

येणाऱ्याजाणाऱ्याला जाईबाई गडगा दाखवायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या लेकीनं राखलंन हे." त्यांच्या हातचे शेवटचे सुरण लावून झाले, आणि वैशाखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चोवीस मे दोन हजार चोवीसला, जाईबाई आपल्या घरात वारल्या.