टेपच्या दुसऱ्या टोकाला

आमच्या जावयाला हाक मारली तर तो ओ देत नाही. समोर येऊन उभा राहील, तोंडाकडे बघत बसेल, पण ओ म्हणून देणार नाही. सासूला असं वागवणारा जावई मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर बोलले.

तेव्हा त्यानं जे सांगितलं, ते लिहिते. शाळा मी फार पाहिलेली नाही, सजवून लिहिणं मला जमत नाही. हे घडलंय. ज्याला थाप वाटेल त्यानं वाचू नये, माझं काही अडलेलं नाही.

जावई माळरानं मोजायच्या खात्यात आहे. गुरं चरतात त्या माळावर गवत किती उरलं, माती किती उघडी पडली, हे दर हंगामात त्याच जागी जाऊन बघायचं. दोन लोखंडी खुंट्या कायमच्या पुरलेल्या. त्यांच्यात टेप ताणायची. एकानं टेपच्या कडेनं सळई टेकवत जायचं आणि टोकाखाली येईल ते ओरडून सांगायचं. गवत. माती. दगड. दुसऱ्यानं तोच शब्द मोठ्यानं परत म्हणायचा आणि मग लिहायचा. माळावर वारा फार, ऐकण्यात चूक नको म्हणून.

ओरडायचा तो याचा जोडीदार. उंच आणि मख्ख, म्हणून सगळे त्याला खांब म्हणत. परत म्हणायचा तो आमचा जावई. वर्षानुवर्षं. अंगात मुरलेलं.

दोन हंगामांमागे खांब त्या माळावर एकटाच जाऊन आला आणि नोकरी सोडून बसला. का, ते कुणाला सांगितलं नाही.

म्हणून मागच्या खेपेला जावई एकटा गेला.

भर दुपार होती. ऊन लख्ख. रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही.

माळावर एक जनावर नव्हतं. पाखरू नव्हतं. वारासुद्धा नाही...

त्याला खटकलं. पण काम उरकायचं होतं. टेप ताणली, सळई उचलली, वाकला, तोच...

"गवत."

टेपच्या दुसऱ्या टोकाकडून.

"गवत," जावई म्हणाला. लिहिलंसुद्धा.

सवय. दुसरं काय.

मग मान वर केली. टोकाला खुंटी. पलीकडे उघडा माळ.

"दगड."

"दगड," हा म्हणाला. सळई टेकवलीही नव्हती. खाली पाहिलं... दगडच.

थांबावं असं त्याला वाटत होतं. पण टेप हातात ताठ झाली होती. पलीकडून कुणीतरी ओढत होतं. जोरात नाही. लहान पोराला बोट धरून न्यावं तसं.

"माती." "माती." "माती."

खांबाबरोबर शेवटचा आला होता तेव्हा इथं गुडघाभर गवत होतं. त्याला पक्कं आठवत होतं.

आणि आवाज बदलत होता... आधी घोगरा, परका. मग ओळखीचा. मग त्याचाच. माती म्हणताना याचा आवाज शेवटी जरा चिरकतो. तसाच चिरकणारा.

दुसरी खुंटी मागे राहिली. हा चालतच होता.

मग टेप ढिली पडली.

सगळं गप्प. स्वतःचा श्वास ऐकू येईना.

त्यानं सळई टेकवली. ती हातभर आत गेली, लोण्यात जावी तशी. आणि अगदी कानाशी...

"माणूस."

यानं तोंडावर हात दाबला आणि पळत सुटला.

गाडीत बसून खांबाला फोन लावला. खांबानं हॅलो म्हटलं नाही, कसा आहेस विचारलं नाही.

"तू परत म्हटलंस?"

"म्हटलं."

"शेवटचा शब्दसुद्धा?"

फोन बंद झाला. त्यानंतर खांब फोन उचलत नाही.

"म्हटलात की नाही?" मीही विचारलं.

"आई, मला आठवत नाही."

माझी धाकटी लेक, म्हणजे याची बायको, पोटुशी आहे. दोघं माझ्याच घरात, वरच्या खोलीत राहतात. परवा दुपारी ती जिन्यात येऊन बसली. तोंड पांढरं.

"आई, हे वर झोपलेत. आणि मागच्या अंगणातून यांचाच आवाज येतोय."

"काय म्हणतो?"

"खिडकी म्हणाला. मग खुर्ची. मग पाळणा."

मागचं दार मी स्वतः उघडलं. कुणी नव्हतं. दाराजवळ मी लावलेली हिरवळ... तिथं नुसती माती.

आज सकाळी पाहते तर जावई बुटांच्या नाड्या बांधतोय. पुन्हा मोजणीचा हंगाम आलाय म्हणे.

"कुणाला विचारून?"

"एक खेप चुकली तर इतक्या वर्षांचं माप वाया जाईल, आई. मी नाही तर कोण जाणार?"

धाकटी दाराआड उभी राहून रडत होती. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि तिला ऐकू जाईल असं बोलले.

"जा, जावईबापू. मी अडवत नाही. पण लेक माझी इथेच राहील, आणि तुम्ही परत आलात तरी हे दार उघडायचं नाही. परत आलेला माणूस तुम्हीच, हे ओळखायची माझ्याकडे काही सोय नाही."