अप्पांच्या नावानं

सोनपेठच्या अभ्यासिकेत त्या दुपारी पत्र्यावर पाऊस असा तडतडत होता, की माझं पुटपुटणं कुणाच्या कानी जाईल असं वाटलंच नव्हतं.

"शिव्या देऊन लॅपटॉप ऐकत नसतो..."

मी मान वर केली. ओला शर्ट, कपाळावर विभूती, डोळ्यांत हसू. बोरीचा विरेश. इथल्या कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळतो, एवढंच ऐकून होते.

"सेटिंगच्या फाइलीत स्वच्छ लिहून ठेवलंय," मी कुरकुरले, "सगळं माझ्या डिस्कवरून घे, नेटवर जाऊ नको म्हणून. तरी हा इन्स्टॉलर नेटवरच जायलाय. अन् इथलं नेट तर तुमाला माहितीच हाय."

पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या कामासाठी चाचणी दिली होती, आणि मी अजून सॉफ्टवेअर बसवण्यातच अडकले होते.

"पुन्हा चालवा बरं."

इन्स्टॉलरनं पासवर्ड मागितला. सवयीनं मी अप्पांचा घातला.

"थांबा... हा कुणाचा?"

"आमच्या अप्पांचा. लॅपटॉप घेतला तवा मुख्य खातं त्यांच्याच नावानं काढलं. आमच्या घरात नवी वस्तू आली की नाव त्यांचंच पडतं."

"मग तो अप्पांच्या खात्यातल्या सेटिंग बघायलाय. तिथं तुमचं काहीच न्हाई. तुमची फाइल तो उघडतच न्हाई." त्याचा आवाज हळू झाला. "एकदा तुमच्या नावानं चालवून बघा की."

"अप्पांच्या पासवर्डशिवाय चालंल?"

"तुमच्यापुरतं बसवायला कशाला लागतोय?"

चाललं! मी लहान पोरीसारखी टाळी वाजवली, आणि तो स्क्रीन सोडून माझ्याकडेच बघत राहिला.

पुढं नोकरी लागली. तरी रोज अभ्यासिकेत जायचे, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून ती त्याच्यासाठी राखायचे. प्रेमात पडले होते, आडपडदा कशाला ठेवू? आज बोलेल, उद्या बोलेल... वाट बघत होते.

तो बोलला. पण अप्पांशी.

एका सोमवारी त्याला घेऊन त्याचे काका आमच्या दुकानात येऊन गेले. जेवताना अप्पा म्हणाले, "महेश्वरी, बोरीच्या विरेशचं स्थळ आलंय. पोरगं लय गुणाचं. मी हो म्हणून टाकलं." आईनं हातावर साखर ठेवली. जो हवा होता तोच मिळत होता, तरी ती साखर मी ताटाच्या कडेला ठेवली.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत तो हसत आला. मी पिशवी हलवली नाही.

"अप्पांनी सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं. तुमी त्यांना विचारलं, त्यांनी हो म्हणलं. झालं."

"रीतच हाय ती, महेश्वरी. मोठ्यांना डावलून तुमाला गाठलं असतं, तर तुमालाच नावं ठेवली असती लोकांनी."

"अन् मला काय वाटतं?" माझे डोळे भरून आले. "त्या दिवशी म्हणला होतात, तुमच्या नावानं चालवून बघा. मला वाटलं होतं... एक माणूस तरी मला विचारील."

त्याचं हसू मावळलं. त्यानं फोन काढून अप्पांना लावला आणि आधी रीतीचा नमस्कार केला.

"शरणार्थ, अप्पा. विरेश बोलतोय. माझी चूक झाली. महेश्वरीला विचारायचंच ऱ्हायलं. तिचं उत्तर येईस्तोवर तुमचा होकार मी धरत न्हाई."

पलीकडून अप्पांचा चढलेला आवाज मलाही ऐकू येत होता. मग फोन चालूच ठेवून तो माझ्याकडे वळला.

"तुमी न्हाई म्हणलात तरी तुमच्यावर बोल येऊ देणार न्हाई. पण... महेश्वरी, माझ्याशी लग्न करशील?"

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस," मी म्हणाले. "अन् फोन दे इकडं. अप्पांना हो म्हणून मी सांगते."