हरीओमची मशीन कोणी बंद करत नाही

वाशीम जिल्ह्यात मला भेव दाखवील असं भूत अजून मेलेलं नाही. या उकंडरावानं भर अवसेच्या राती स्मशानात बसून भजी खाल्ली आहेत. आता भजी घेऊन येणारा येईपर्यंत मी फाटकाबाहेर रस्त्यावर उभा होतो, आणि आजही रात्री मोरीत जायचं झालं तर बायकोला, कस्तुराबाईला उठवतो, ती गोष्ट वेगळी. हसू नको धीरज. तू तर त्या मोबाईलचा दिवा लावल्याशिवाय खाटेवरून पाय खाली टाकत नाहीस.

ठेव तो बाजूला. ऐक.

ही गोष्ट मला विकासनं सांगितली. आपल्या शेलूबाजारातल्या चतुराबाईचा धाकटा. त्या पोराला खोटं बोलता येत नाही. मीच शिकवणार होतो, राहून गेलं.

संक्रांत झाल्यावरचा पहिला गुरुवार. दुपारी विकास वाशीमला गेला आणि एक नवी डिस्क घेऊन आला. पत्त्यांच्या कॅटाएवढी, त्याहून पातळ. खिशात घालून बसमध्ये बसला, आणि सगळ्या वाटेवर त्या खिशावर हात ठेवून होता. तो वाशीमला कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे, अशा डिस्का रोज हाताखालून जातात त्याच्या. पण ही डिस्क भावाच्या मशीनसाठी होती, आणि भाऊ जाऊन बारा दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी तेरवी.

भाऊ म्हणजे हरीओम. लग्नाचे व्हिडिओ काढायचा. घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यांची मिक्सिंग करायचा. नवरीच्या डोळ्यांतलं पाणी संथ करून दाखवायचा, माझ्यासारख्याच्या ताटातला तिसरा लाडू कापून टाकायचा. गुणी पोरगा. एकच खोड. काही लिहिलं की शेवटचं बटन असं जोरात हाणायचा की स्वयंपाकघरातून चतुराबाई ओरडायची, "फोडतं काय रे मशीन!"

तो गेला त्या संध्याकाळी त्याचं बायकोशी वाजलं. ज्योत्स्नाला सहावा महिना. माहेरी सोडतो, सोडतो म्हणत त्यानं महिना घालवला होता. ती म्हणाली, "तुमी त्या मशीनीसंगच लगन लावाले पाह्यजे व्हतं." तो दारात बूट घालत होता. म्हणाला, "तुले जे सांगायचं ते मशीनीतच सांगून ठेवलं हाय." आणि मंगरूळपीरला कोणाची तरी लग्नाची पेनड्राइव्ह द्यायला निघाला.

पुलावरून गाडी सरळ खाली गेली. ब्रेक मारल्याची खूण नाही, समोरून कोणी आल्याची खूण नाही.

मग गाव बोलायला लागलं. गावाला काय, जीभ आहे. 'भांडून गेलता म्हणे.' 'स्वतःहूनच गेला म्हणे.'  पाचव्या दिवशी चतुराबाईनं फक्त एकदा सुनेला विचारलं, "तू काय बोलली व्हती वं त्याले?" तेव्हापासून ज्योत्स्नाच्या घशाखाली अन्न उतरेना. पोटात लेकरू, आणि ही दोन घास घेऊन ताट सरकवायची. विकासला म्हणाली, "भाऊजी, मशीनीत काय हाय ते मले पाहू द्या. शिव्या असल्या तरी चालन. पन मले समजू द्या."

आता गंमत बघा. मशीन उघडेना. लोकांच्या लेकीसुनांचे फोटो असतात म्हणून हरीओमनं तिला पासवर्ड घातला होता. विकासनं आईचं नाव टाकलं, वहिनीचं टाकलं, गाडीचा नंबर टाकला, कुलदैवत टाकलं. नाही. आणि वरून आतली जुनी डिस्क मरायला टेकलेली. कट... कट... असा आवाज करायची, सांध्यात वाळू गेल्यासारखा. दुकानात विकासनं असा आवाज बरेचदा ऐकला होता. अशी डिस्क एकदा बंद केली की पुन्हा उठेलच असं नसतं.

म्हणून त्यानं ठरवलं, आधी जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवायची. कुलपासकट उतरेल, उतरू दे. पासवर्ड मग वर्षभर शोधू. पण आधी जीव वाचवायचा.

संध्याकाळी त्यानं दोन्ही डिस्का जोडल्या. पडद्यावर दोन नावं आली. कुठून, आणि कुठं. इथं लई जणांचा घात होतो म्हणे. उलटं निवडलं की कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि भरलेली धुऊन पांढरी होते. विकासनं पाच वेळा वाचलं. ज्योत्स्ना मागं भिंतीला टेकून उभी. त्यानं डोळे मिटून बटन दाबलं.

पट्टी सरकायला लागली. गोगलगाईसारखी.

तेवढ्यात चतुराबाई ताट घेऊन आली.

सुप्रिया, तू शहरात वाढलीस, तुला सांगतो. आपल्याकडं तेरवीच्या आदल्या राती, जिथं देह ठेवला होता त्या जागी ताटात चाळलेलं पीठ पसरतात. मध्ये दिवा. वरून टोपलं झाकायचं. खोली बंद. रात्रभर कोणी आत जायचं नाही. सकाळी टोपलं उचलून पाहायचं, पिठावर काय उमटलं. पाऊल दिसलं तर माणूस येऊन भेटून गेला.

हरीओमला त्याच खोलीत ठेवलं होतं. त्या मशीनच्या समोर.

"मशीन बंद कर," चतुराबाई म्हणाली.

"आई, आजची रात चालू राहू दे वं. मधात बंद केली तं सगळं जाईन."

"माह्या लेकाच्या वाटंत उजेड नको मले. बंद कर, बाप्पा."

विकासनं आयुष्यातलं पहिलं खोटं केलं. पडद्यावर बारदाना टाकला, वायरीशी खुडबुड केली आणि म्हणाला, "केली." तिला ऐकू कमी येतं. नक्कल पुरी झाली की मशीन आपोआप नव्या डिस्कवर सुरू होईल आणि पासवर्ड मागत थांबेल, असं त्यानं लावून ठेवलं होतं. चतुराबाईनं दाराला कुलूप घातलं, किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि गाठ उशाखाली घेऊन झोपली.

विकास दाराबाहेर सतरंजी टाकून पडला. थंडी अशी की दात वाजावेत. आतून आवाज यायचा. कट... कट... तो मोजत नव्हता, पण प्रत्येक कटला त्याचा श्वास अडायचा. चालू आहे. अजून चालू आहे. 'दादा, थांब जराक. एवढी रात काढ,' असं तो डिस्कला म्हणत होता का भावाला, ते त्यालाच माहीत नव्हतं.

मध्यरात्र उलटली असेल. लाईन गेली.

सगळं गाव काळं. आतला बॅटरीचा डबा ओरडायला लागला. टीं... टीं... त्या डब्यात किती दम आहे ते विकासला पाठ होतं. अर्धी चिलीम ओढून होईल, एवढाच. तो उठून बसला. दाराला कपाळ लावलं. लाईन आली नाही. टीं टीं टीं. लाईन आली नाही. मग एक लांबच लांब आवाज...

आणि बंद.

कट कटही बंद.

"झालं का, भाऊजी?" मागं ज्योत्स्ना उभी होती. अंगावर घोंगडी, हातात काही नाही.

त्यानं नुसती मान हलवली, आणि अंधारात ती तिला दिसली नाही. पण तिला समजलं. ती तिथंच, दारापुढं, खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "म्हंजे आता मले कधीच समजनार नाही."

दोघं बसून राहिले. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

मग...

टक.

विकासनं तिच्याकडं पाहिलं. तिनं त्याच्याकडं.

टक... टक...

डिस्कचा आवाज नव्हे. तो आवाज दोघांच्या रोजच्या ओळखीचा. बटनाचा.

आत कोणी नव्हतं. दाराला कुलूप. किल्ली आईच्या उशाखाली. गावात लाईन नाही. आणि दाराखालच्या फटीत उजेडाची एक रेघ. दिव्याची पिवळी नव्हे. निळसर...

टक. टक. टक.

विकासला ओरडायचं होतं. ज्योत्स्नानं हळूच हात उचलला. दारावर ठेवला.

"अहो..."

आवाज थांबला.

थांबला.

दाराच्या पलीकडं कोणीतरी ऐकत असावं, तसा थांबला...

आणि मग शेवटचं बटन वाजलं. जोरात. दार हादरलं एवढ्या जोरात.

नंतर काही नाही.

लाईन पहाटे आली. कोंबडं आरवल्यावर चतुराबाईनं पदराची गाठ सोडली, कुलूप काढलं. आधी टोपल्याकडं गेली. उचललं. दिवा जळत होता. पीठ सपाट. पाऊल नाही, काही नाही, फक्त ताटाच्या कडेला कोणी चिमूट घेतल्यासारखी खळी. ती मटकन बसली. "आला नाही माहा हरीओम. रागावून गेला तं गेलाच." आणि तिनं सुनेकडं पाहिलं. ती नजर विकासला अजून आठवते.

पण विकासचं लक्ष टेबलाकडं होतं. पडद्यावर टाकलेला बारदाना पडद्यावर नव्हता. घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला. मशीन उघडी. पासवर्ड मागत नव्हती. जुनी डिस्क मेलेली होती, ती पुन्हा कधी फिरली नाही. नवीवर किती उतरलं होतं देव जाणे, पण उतरलं होतं. पडद्यावर ज्योत्स्ना होती, गच्चीवर हरभऱ्याची भाजी निवडताना, हसायच्या बेतात थांबलेली.

विकासनं सुरू केलं. चित्रातली ज्योत्स्ना हसली, "काहाले काढून राह्यले माहा फोटो?" आणि त्यावर हरीओमचा आवाज आला, मागाहून मशीनीपुढं बसून भरलेला. घरात बारा दिवसांनी.

"फोटो नाही, व्हिडिओ हाय. आईले इचारलं मी. ऐतवारी तुले माहेरी सोडतो. लेकरू झालं की पयला व्हिडिओ त्याचा. तोपर्यंत भांड मह्यासंग, चांगली दिसतं तू भांडतांनी. आता एवढी पेनड्राइव्ह देतो, अन् आलोच मी."

चतुराबाई उठली. स्वयंपाकघरात गेली, ताटात भाकर घेऊन आली आणि सुनेपुढं बसून एक-एक घास तिच्या तोंडात घातला. तेरवीचा स्वयंपाक व्हायच्या आधी. रीत मोडली म्हणून कोणी बोललं नाही.

आणि बटनं. सात बटनं. त्यांच्यावर पांढरं. ज्वारीचं पीठ, बोटाच्या टोकाएवढं. सहा बटनांवर नुसतं टेकल्यासारखं, आणि शेवटच्या मोठ्या बटनावर दाबून, पसरलेलं.

अक्षरं कळतात, पण कुठलं आधी, कुठलं दोनदा, ते कळत नाही. विकासनं तो व्हिडिओ दहा ठिकाणी उतरवून ठेवला आहे. तरी ज्योत्स्ना मशीन बंद करू देत नाही. बंद केली की पुन्हा पासवर्ड मागेल, म्हणते. दोन मोठ्या बॅटऱ्या आणून ठेवल्यात. पीठ पुसू देत नाही. रात्र रात्र खुर्चीत बसते. लेकरू झालं, रंजीता ठेवलं नाव, ते मांडीवर, आणि हिचे डोळे बटनांवर.

आता गावात असलं काही झालं की सगळ्यांचं बोट माझ्याकडं वळतं. वळणारच. सोजरबाईच्या वाळत घातलेल्या पापडांवर मांजराची पावलं उमटवली होती ती मीच, बटाटा कोरून. लोक म्हणाले, उकंडरावाचंच काम. मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, मी नाही. कोणी ऐकलं नाही.

मग मला वाटलं, हेच बरं झालं. त्या पोरीला झोप लागायला पाहिजे. मागल्या महिन्यात गेलो. रात्रीची वेळ. ती तशीच बसलेली, पडद्याच्या उजेडात. मी खाकरलो, तोंड पाडलं, जमेल तेवढा ओशाळा झालो आणि म्हटलं, "सूनबाई, बंद कर ते आता. पीठ मीच लावलं व्हतं. मस्करी केली बुढ्यानं. माफ कर, अन् झोप."

तिनं माझ्याकडं पाहिलं. लेकरू मांडीवरून खांद्यावर घेतलं. हसली थोडी, त्या व्हिडिओत हसते तशी.

"असं व्हय, मामाजी," म्हणाली, "मंग पासवर्ड सांगा."