एका पेटीचं ‘नाही’

वस्तू आहे, ठेवणाऱ्याने ती स्वतःच्या हातांनी ठेवली आहे, आणि शोधणारा म्हणतो, नाही. मग चुकतंय कोण?

मंगळावरच्या वस्तीत सावरीपुढे हाच प्रश्न उभा होता. आईने पृथ्वीवरून पाठवलेली डोंगरणी नाचणी कोठारात आली होती. गावच्या डोंगरावर ती आता उगवत नव्हती. उरलं होतं ते एवढंच मूठभर बी. आणि ते मिळालं नाही तर हरितगृहातला शेवटचा रिकामा वाफा आज संध्याकाळी बटाट्यांना जाणार होता.

“पिंप्या नाही म्हणतोय, म्हणजे नाही,” हरितगृहाचे प्रमुख दळवीकाका म्हणाले. “यंत्राशी कशाला वाद घालतेस, बाळा?”

“मग कुणाशी घालू? तुम्ही तर त्याचंच ऐकता.”

काका मिशीतल्या मिशीत हसले आणि बटाट्यांची बादली आणायला गेले.

पिंप्या म्हणजे कोठाराचा गोलमटोल यंत्रमानव. कोठारात हवा नाही, थंडी तर हाडं गोठवणारी; माणूस तिथे जात नाही. नोंदीत वस्तूचा पत्ता सापडला तरच पिंप्या ती आणून देतो.

सावरी तडक नलूआत्याकडे गेली. पिंप्याला जावास्क्रिप्ट (यंत्राला काम सांगायची एक भाषा) आत्यानेच शिकवली होती.

“तुझ्या आईने बी बांधलं कसं होतं?” आत्याने विचारलं.

“पुडी राखेत, राख गाडग्यात, गाडगं गोधडीत, गोधडी पेटाऱ्यात. कीड लागू नये, धक्का बसू नये म्हणून.”

“नोंदही तशीच आहे बघ. ऑब्जेक्ट (नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या कप्प्यांची पेटी), तिच्यात ॲरे (ओळीने मांडलेल्या वस्तूंची रांग), रांगेत पुन्हा ऑब्जेक्ट. पिंप्या फक्त बाहेरून बघतो. पेटारा म्हणजे काही नाचणी नव्हे, म्हणून तो पुढे जातो.”

“मग आत बघायला सांग त्याला.”

“किती आत? कुणी एकात एक दोन ठेवतं, कुणी दहा.”

“असेना का. पेटीत पेटी निघाली की तेच काम पुन्हा पहिल्यापासून करायचं.”

आत्याच्या डोळ्यांत चमक आली. “याला रिकर्शन म्हणतात (काम स्वतःलाच पुन्हा हाक मारतं). आतल्याला गवसलं की त्याने बाहेरच्याला सांगायचं, त्याने त्याच्या बाहेरच्याला. सांग, तुझ्या शब्दांत सांग.”

सावरीने टाळ्यांवर शब्द बसवले आणि पाटीवर लिहिले:

उघड पेटी, बघ आत,
आत पेटी? पुन्हा हात.
गवसलं तर वाट सांग,
नसलं तर ‘नाही’ सांग.

आत्याने ते पिंप्याच्या भाषेत उतरवलं. पिंप्या क्षणभर गुणगुणला आणि म्हणाला, “नाही.”

“झालं समाधान?” दारातून दळवीकाका म्हणाले. बादली त्यांच्या हातात होती.

सावरीचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही. “पिंप्या, तू सगळ्यात आधी काय उघडलंस?”

“घोंगडीची वळकटी.”

“तिच्यात काय होतं?”

“काही नाही.”

“मग?”

“मग ‘नाही’ म्हणालो. तसंच सांगितलं होतंस.”

सावरी आपल्याच शेवटच्या ओळीकडे बघत राहिली. एका वळकटीचं नाही, ते सगळ्या कोठाराचं नाही कसं होईल? तिने ती ओळ पुसली आणि नवी घातली:

नसलं तर सोडू नको रांग.

आत्याने तीही पिंप्याच्या भाषेत उतरवली. “आणि ऐक,” सावरी पिंप्याला म्हणाली, “रांग संपेपर्यंत ‘नाही’ म्हणायचं नाही. कुणी कितीही घाई केली तरी.”

पिंप्या या वेळी बराच वेळ गुणगुणला. दळवीकाकांनी बादली या हातातून त्या हातात घेतली.

“पेटारा,” पिंप्या म्हणाला. “गोधडी. गाडगं. राख. पुडी. डोंगरणी नाचणी.”

काही वेळाने कोठाराच्या झडपेतून पुडी बाहेर आली. तिला अजून घरच्या चुलीच्या राखेचा वास होता.

“आता हे बटाटे मी कुठे ठेवू?” काका पुटपुटले.

“ठेवा कुठेही, काका. नोंद तेवढी करा. पिंप्या शोधेल.”

तांबड्या मातीत नाचणी पेरून सावरी उठली, हात झटकले आणि आत्याकडे वळली. “पिंप्या आजवर कुणाकुणाला ‘नाही’ म्हणाला?”

“पुष्कळ जणांना गं. का?”

“बोलाव सगळ्यांना. पुन्हा शोधू.”