आवाज न करणाऱ्या मॅट्स

मुलांनो, एक काम करा. डोळे उघडेच ठेवा आणि समजा, तुम्ही पाठीवर पडताय. घसरून नव्हे, कुणीतरी तुम्हाला कमरेवर घेऊन गिरकी देऊन पाडतंय. पाय वर गेले, डोकं खाली आलं, छत या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकलं. आता सांगा, त्या क्षणी तुम्हाला काय हवं? खाली चांगली मॅट हवी, हे तर झालंच. पण तेवढ्याने भागत नाही. पाडणाऱ्याने तुमची बाही शेवटपर्यंत धरून ठेवलेली हवी.

ज्युडो शिकणारी मुलं हे पहिल्या आठवड्यातच शिकतात. ज्याला पाडलं त्याची बाही सोडायची नाही. उलट तो जमिनीला टेकताना ती जराशी वर ओढायची, म्हणजे डोकं आणि खांदा वाचतो. या गोष्टीत दोन बहिणी आहेत, त्यांचे ज्युडोचे सर म्हणायचे, "पाडायला कुणालाही येतं. धरून ठेवता आलं, तर मी म्हणेन ज्युडो आला."

ज्या मुलीची ही गोष्ट, तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती डाव टाकताना खरंच भिंगरीसारखी फिरायची. तिची ताई तिच्यापेक्षा थोडी मोठी, अंगाने सडपातळ. त्यामुळे दोघी एकाच वजनाच्या गटात होत्या. आणि इथेच खरी अडचण होती. मोठ्या स्पर्धेसाठी सर प्रत्येक गटातून एकच मुलगी निवडणार होते. ती भिंगरी असणार, असं वर्गातली पोरं उघड बोलायची. ताई तेव्हा हसायची. "माझीच बहीण आहे, जाऊ दे की," म्हणायची.

निवड जवळ आली आणि नेमकी वर्गाच्या हॉलची फरशी उखडायला घेतली. सर म्हणाले, "घरी सराव करा. पण नुसत्या फरशीवर नाही हं. मॅट्स घ्या, आणि बघून घ्या."

म्हणून सकाळीच बाबा दोघींना घेऊन दुकानात गेले. बाबा लिफ्टची दुरुस्ती करायचे. कुठलीही गोष्ट हाताने दाबून, वाकवून, ठोकून बघितल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नसे.

"घरी खेळायला ना? मग ह्या घ्या," दुकानदाराने रंगीत चौकोन पुढे केले. "हलक्या, मऊ, पुसायला सोप्या."

ताईने एकावर टाच दाबली. टाच रुतली. "काका, ह्यावर माझा घोटा मुरगळेल."

"अगं, मऊ आहे म्हणूनच तर लागणार नाही!"

"पडताना नाही लागणार," भिंगरी म्हणाली, "पण वळताना लागेल. पाय रुतून बसतो आणि अंग फिरतं. मग गुडघा जातो."

दुकानदाराने बाबांकडे पाहिलं. "साहेब, मुली आणल्यात की तपासनीस?"

"घरी माझीही अशीच तपासणी होते," बाबा म्हणाले.

मग जाड, घट्ट मॅट्स निघाल्या. वरचं कापड खरखरीत, पण कातडी सोलवटेल इतकं नाही. खालून रबर, म्हणजे सरकायची भीती नाही. बाबांनी दोन मॅट्स शेजारी लावून फटीत नख घालून पाहिलं, कारण फटीत पायाचं बोट अडकलं तर मोडतं. सगळं पसंत पडलं. भिंगरी पडून दाखवायला म्हणून पाठीवर पडली आणि तिने शिकवल्याप्रमाणे हात मॅटवर आपटला. थाड! फळीवरचे चेंडू हलले.

"अरे बाप रे," बाबा म्हणाले. "खालच्या काकू झाडू घेऊन वर येतील."

त्यांचं घर वरच्या मजल्यावर होतं, आणि खालच्या काकूंना खुर्ची सरकवलेलीसुद्धा खपत नसे. बाबांनी दुसरं काही आहे का विचारलं. दुकानदार जरा घुटमळला. मग जिन्यामागून त्याने हिरव्या मॅट्स ओढून काढल्या.

"ह्या परत आल्यात. पण नव्याच आहेत म्हणा ना."

"परत का केल्या?"

दुकानदार फडक्याने मॅट पुसू लागला. ती स्वच्छच होती. "आवाज करत नाहीत म्हणाले."

"ही काय तक्रार झाली?"

"मीही तेच म्हटलं त्यांना."

भिंगरी हिरव्या मॅटवर पडली. तिचा हात जोरात आपटला, तळवा चुरचुरला, पण आवाज आलाच नाही. दबका नाही, बारीक नाही, काहीच नाही.

"बाबा, पण सर म्हणतात, मॅट बोलली पाहिजे," ती उठून बसत म्हणाली. "आवाज आला की समजायचं, मार हातातून बाहेर गेला."

"सरांच्या खाली काकू राहत नाहीत," बाबा म्हणाले, आणि त्या मॅट्स घेतल्या.

मागच्या खोलीतलं कपाट एका भिंतीला लावून त्या अंथरल्या. खोली हिरवीगार झाली. बाबांनी सांधे ठोकून बसवले. सराव सुरू झाला. मध्ये एकदा खालच्या काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचा तो धांगडधिंगा कधी सुरू होणार गं? मी आपली रोज कानात कापूस घालून बसते."

"सुरू झाला की, काकू!"

"असं?" काकूंनी छताकडे पाहिलं. "मग त्या खोलीत तुम्ही चालता तरी कशा? पूर्वी पावलं तरी ऐकू यायची."

भिंगरीला हे फार गमतीचं वाटलं. तिने ते ताईला सांगितलं. ताई हसली नाही. अलीकडे ती हसतच नसे.

त्याच संध्याकाळी ताईने तिला कमरेवरून पाडलं आणि भिंगरी खांद्यावर आपटली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मॅट गप्पच होती. तिच्या तोंडून निघालेला "आई गं" तेवढा खोलीत ऐकू आला.

"मॅट सरकली!" ताई पटकन म्हणाली. "सांधा उघडला बघ."

बाबा आले. त्यांनी गुडघ्यांवर बसून सगळे सांधे तपासले. कागदसुद्धा शिरला नसता. "सरकलेली तर नाही," ते पुटपुटले आणि बराच वेळ त्या हिरव्या कापडावर हात फिरवत राहिले. मग तो हात त्यांनी पँटला पुसला.

खांदा ठणकत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई मैत्रिणीकडे गेली होती. निवड तोंडावर आलेली, म्हणून भिंगरी एकटीच पडण्याचा सराव करायला गेली. उभ्याने मागे झुकायचं, हनुवटी छातीला टेकवायची, पडायचं, हात आपटायचा. दुखऱ्या खांद्यामुळे ती जरा वाकडी पडली.

आणि शेवटच्या क्षणी तिची उजवी बाही वर ओढली गेली.

हलकेच. जेवढी ओढायला हवी तेवढीच. खांदा अलगद टेकला.

ती छताकडे बघत पडून राहिली. बाही खिळ्याला अडकली असेल, असं तिला वाटलं. पण खोलीच्या मध्ये खिळा कुठून येणार? ती उठली, पुन्हा पडली. बाही पुन्हा वर गेली. कोपराजवळ कापड मुठीत धरल्यासारखं गोळा झालं, आणि ती टेकल्यावर सुटलं.

आता तुम्ही म्हणाल, ती पळाली कशी नाही? खरं सांगू? तिला आधी भीती वाटलीच नाही. बाही नीट धरली की कसं वाटतं, ते तिला आठवलं. आणि मग दुसरी एक गोष्ट उमगली, तेव्हा मात्र ती ताडकन उठून बसली. काल संध्याकाळी तिला असं काहीच जाणवलं नव्हतं. बाही सैल होती. मॅट सरकली नव्हती.

ती कुणाला काही बोलली नाही. ताईबद्दल असं काही म्हणायला जीभच रेटेना. ताई पुढेही रोज तिला पाडत होती, आणि दर वेळी खांदा अलगद टेकत होता. ताईचीच चूक झाली असेल, आता ती सुधारली, असं भिंगरीने मनाला समजावलं. मनाला समजावणं सोपं असतं हो, ते आपल्या बाजूचीच माणसं शोधत असतं.

मग आईने भिंगरीचं ज्युडोचं जाकीट धुवायला घेतलं. आई शिवणकाम करायची. तिच्या नजरेतून धागा सुटत नसे.

"काय गं हे," ती ताईला म्हणाली. "उजव्या बाहीचा पार चोळामोळा झालाय. सगळी बोटं उमटलीत कापडात. किती घट्ट धरतेस बहिणीला! शहाणी माझी बाय."

आईने कौतुकाने ताईच्या गालावरून हात फिरवला. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. ती बाहीकडे बघत होती. तिथे कापड चुरगळून बारीक खळगे पडले होते, तिच्या बोटांहून बरेच लहान. ती "हो" म्हणाली.

भिंगरीने ते "हो" ऐकलं.

संध्याकाळी बाबा दारात उभे राहून बघत होते. "चला, दाखवा तुमचा तो कमरेचा डाव."

दोघी समोरासमोर आल्या. ताईने बाही पकडली, वळली, भिंगरीला कमरेवर घेतलं. या वेळी भिंगरीने छताकडे पाहिलं नाही. तिने ताईच्या हातांकडे पाहिलं.

हात उघडले.

दोन्ही हात. बोटं फाकलेली.

भिंगरीची बाही मात्र ताठ होती. हवेत, वर ओढलेली.

ती अलगद टेकली. खोलीत आवाज झाला नाही. मग ताई मागे सरकत भिंतीला टेकली आणि किंचाळली, "मी सोडलं होतं! बाबा, मी सोडलं होतं तिला! मी रोज सोडते!"

 बाबा भिंगरीच्या बाहीकडे बघत होते. ती सावकाश खाली येत होती.

"उद्या ह्या परत करायच्या," एवढंच ते म्हणाले.

त्या रात्री घरात कुणी कुणाला ओरडलं नाही. ताई पांघरुणात तोंड खुपसून "चुकलं माझं" म्हणत राहिली. भिंगरीने भिंतीकडे तोंड केलं. तिला खांद्याचं दुःख नव्हतं. गालावरून फिरलेला आईचा हात आणि ते "हो" तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅट्स न्यायला टेम्पो यायचा होता. भिंगरी जाकीट घालून मागच्या खोलीत गेली. वर्गात एक रीत होती. ज्याने तुम्हाला पाडलं, त्यालाही तुम्ही पाडायचं. जोडीदाराची पाळी न देता मॅट सोडणं म्हणजे उद्धटपणा. इथे कुणीतरी इतके दिवस तिला सांभाळलं होतं, आणि तिने पाळी दिली नव्हती.

तिने हात पुढे केला. थोडा खाली, कारण ती बोटं लहान होती.

हाताला कापड लागलं. ओलसर, खरखरीत. बाहीच होती.

ती वळली. कमरेवर अगदी थोडं वजन आलं. तिने पाडलं.

पाडलेलं माणूस मॅटला टेकतं, मुलांनो. हात हलका होतो. भिंगरी वाट बघत राहिली. हात हलका झाला नाही. बाही सरळ खाली गेली होती, हिरव्या कापडाला लागून, आणि वजन तिला लटकून होतं. खाली फरशी होती. फरशीखाली काकूंचं घर होतं. पण त्या वजनाला खाली काहीच मिळत नव्हतं.

कुणीतरी कधीतरी ही बाही सोडली होती.

हात भरून आला. दुखरा खांदा थरथरू लागला. वजन वाढत नव्हतं, कमीही होत नव्हतं. ते फक्त तिची बोटं घट्ट, फार घट्ट धरत चाललं होतं.

"ताई," तिने हाक मारली. कालपासून पहिल्यांदाच. "ताई, ये ना इकडे."

ताई धावतच आली. तिचे डोळे सुजले होते. "बोललीस गं माझ्याशी! काय झालं?"

"इथे धर. माझ्या हाताच्या खाली. मला एकटीला जमत नाहीये."

ताईने मॅटकडे पाहिलं. ती घाबरली होती, तरी आली. चाचपडत तिने दोन्ही मुठी आवळल्या आणि एकदम वाकली. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"भिंगरे, हे काय आहे? सोडू नकोस हं. ऐक, तू सोडू नकोस."

"नाही," भिंगरी म्हणाली.

मग तिने त्या पकडीतून आपलं एकेक बोट सोडवून घेतलं, मॅटवरून खाली उतरली, आणि जाताना दार ओढून घेतलं.