पाचव्या यंत्राची जागा

वायू मोजणारी पाच यंत्रं आली होती. चार माझी भिंतींवर ठोकून झाली होती. त्यातलं चौथं साहेबांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीमागे, कारण त्यांचा जीव आधी. पाचवं पंपाच्या खड्ड्यासाठी होतं. साहेबांना ते वरच हवं होतं, दाराशी, डोळ्यांच्या उंचीवर.

"तपासणीवाले आले की समोर दिसलं पाहिजे."

"साहेब, खड्ड्यातला विषारी वायू हवेपेक्षा जड. जमिनीला चिकटून बसतो. दाराशी लावलं तर माणूस खाली मेल्यावर वाजेल."

"तू इंजिनीअर कधी झालास?"

मी कुठल्या कॉलेजाची पायरी चढलो नाही. पण दोन वर्षांपूर्वी याच खड्ड्यात माझा थोरला भाऊ गेला. अहवालात लिहिलं, शिडीवरून पाय घसरला, जागच्या जागी मृत्यू, चूक त्याचीच. वहिनीने तो कागद कपाटात जपून ठेवलाय. दर महिन्याला मला विचारते, "जागच्या जागीच ना रे?" मी हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

"आधी खाली मोजतो," मी साहेबांना म्हणालो, "मग ठरवू."

पंख्याने खड्ड्यात तासभर हवा सोडली, पंखा बंद केला आणि मीटर घेऊन उतरलो. वर दोर धरून माझा मदतनीस टकल्या. खाली ओलं सिमेंट, ग्रीसचा वास, पंपाची घरघर. घड्याळात अकरा दहा.

शिडीपाशी विषारी वायू शून्य, प्राणवायू वीस पॉइंट नऊ. असायला हवा तेवढाच. मधोमध, तेच. मग पंपामागे गेलो. तिथे बाहेरच्या हवेचा पाइप भिंतीतून आत येतो. तो उघडायची चावी वर, दाराशी. मीटर जमिनीपासून वीतभर धरला.

वीस पॉइंट नऊ. वीस पॉइंट एक. वीस पॉइंट नऊ. वीस पॉइंट एक.

पंपाचा हादरा असेल.

"टकल्या, पंप बंद कर."

पंप थांबला. आकडा हलत राहिला. दोराने दुसरा मीटर मागवला. तोही हलला. हात वर घेतला की स्थिर. खाली नेला की पुन्हा तेच.

मग वाटलं, माझाच श्वास. नाक-तोंड दाबून धरलं, कान बधिर होईपर्यंत.

आकडा हलतच होता.

श्वास मोजावेत तसं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा.

"झोपलास काय रे?" टकल्या वरून म्हणाला. "उशी सोडू का खाली?"

"गप बस."

पुढे बावीस झाले. मग तीस, तेही अर्धवट, उथळ. मला शिडी गाठता आली असती. नाही गेलो. आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसा तिथेच उकिडवा बसलो.

अकरा अठ्ठेचाळीस.

वीस पॉइंट नऊ.

वीस पॉइंट नऊ.

मग हललाच नाही.

वर आलो. साहेब दाराशी उभे होते, भिंतीवर बोट टेकवून.

"ठरलं? इथेच ना?"

"अडतीस मिनिटं," मी म्हणालो. एवढंच.

साहेबांचं बोट खाली आलं.

"कुणी सांगितलं तुला?" ते हळू म्हणाले. "तेव्हा इथे दाराशी माझ्याशिवाय कोणी नव्हतं."

टकल्या दोर गुंडाळायचा थांबला.

मी यंत्र घेऊन पुन्हा उतरलो. पंपामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलं. कुणी अडवलं नाही.

संध्याकाळी वहिनीला खरं सांगितलं. तिने कपाटातून तो कागद काढला.

"एकटेच होते का रे?"

"नाही वहिनी. वर साहेब होते."

तेव्हापासून रोज अकरा दहाला पाचव्या यंत्राचा आकडा हलतो. अठ्ठेचाळीसला थांबतो. मी वहीत लिहून ठेवतो.

काल पाचवं स्थिर राहिलं.

साहेबांच्या खुर्चीमागचं चौथं हलायला लागलं. मिनिटाला सोळा.